जुनी शिडाची नौका घेतलीत? आधी कुठे हात घालायचा

तीस-चाळीस वर्षं वापरलेली फायबरग्लासची शिडाची नौका ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात गाद्या बदलाव्याशा वाटतात, लाकडाला वार्निश मारावंसं वाटतं, नवा चार्टप्लॉटर (पडद्यावर समुद्राचा नकाशा दाखवणारं यंत्र) बसवावासा वाटतो. ही कामं पुढच्या वर्षी केली तरी चालतात. फायबरग्लासचं अंग चिवट असतं. १९६० आणि ७० च्या दशकात बांधलेल्या कितीतरी नौका अजूनही लांबचे प्रवास करतात. थकतात ते त्या अंगाला जोडलेले भाग: झडपा, रबरी नळ्या, बोल्ट, डोलकाठीच्या तारा, वायरिंग, सील. म्हणून कामाचा क्रम मी असा लावतो: पाणी बाहेर ठेवणारे भाग सगळ्यात आधी, मग डोलकाठी उभी ठेवणारे, त्यानंतर इंजिन आणि वीज, आणि सुखसोयी शेवटी. हा क्रम मोडायचा मोह रोज होईल. मोडू नका.

एक दिवस फक्त बघण्याचा

पाना हातात घेण्याआधी एक अख्खा दिवस नुसतं बघण्यात घालवा. जमिनीच्या फळ्या उचला, प्रत्येक कप्पा रिकामा करा, टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत डोकवा. जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि वहीत नोंद करा: कुठली झडप, कोणत्या मापाची नळी, फिल्टरवरचा क्रमांक, पट्ट्यावरचा क्रमांक. पुढे सुटे भाग मागवताना ही वही सोन्यासारखी उपयोगी पडते.

बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या अगदी तळाशी, पाणी साचलेलं असेल तर ते लगेच उपसून टाकू नका. खारं आहे की गोडं, ते आधी ठरवा. काळ्या प्लास्टिकवर एक थेंब वाळू द्या, पांढरा डाग उरला तर बहुधा समुद्राचं पाणी. धक्क्याला बांधलेल्या नौकेत खारं पाणी आलं तर संशय झडपांवर आणि प्रॉपेलरच्या शाफ्टवर. गोडं असेल तर पाऊस डेकमधून झिरपतोय किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी गळतेय. आतल्या लाकडावरचे तपकिरी ओघळही असेच बोलतात. ओघळ पुसायच्या आधी तो कुठून सुरू होतो तिथपर्यंत नजर न्या. पाणी डेकमध्ये जिथे शिरतं त्याच्या बरोबर खाली ते क्वचितच बाहेर पडतं, आतल्या थरातून सरकत सरकत भलतीकडेच टपकतं.

झडपा: सगळ्यात आधी, सगळ्यात नीट

इंजिनला थंड करणारं पाणी, सिंकचा निचरा, संडास, कॉकपिटचा (सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेचा) निचरा, प्रत्येकासाठी अंगाला आरपार भोक असतं. त्या भोकावर फिटिंग, फिटिंगवर झडप, झडपेवर नळी आणि नळीवर क्लिपा. या साखळीतला एक भाग जरी तुटला तरी पाणी थेट आत येतं. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत घुसतं. छोटा बिल्ज पंप त्याला पुरा पडत नाही.

प्रत्येक झडप हाताने पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी करून बघा. अडकलेली असेल आणि नौका पाण्यात असेल तर तिच्यावर जोर लावू नका, हातोडी तर मुळीच नको. नौका वर काढल्यावरच तिला हात लावायचा. मधल्या काळात त्या जागी दोरीने लाकडी गुडदी बांधून ठेवा. खरं तर मऊ लाकडाची, त्या भोकाच्या मापाची निमुळती गुडदी प्रत्येकच झडपेशेजारी बांधलेली असावी. अंधारात, पाणी आत येत असताना ती शोधत बसायची वेळ येऊ नये.

धातू ओळखायला शिका. समुद्राच्या पाण्याखाली कांसे टिकतं, साधं पितळ टिकत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबं उरतं. बाहेरून आकार तसाच दिसतो, पण आतला जीव गेलेला असतो. नौका वर असताना कानशीने हलकासा ओरखडा काढा. धातू पिवळा चमकला तर ठीक, गुलाबीसर दिसला तर ती झडप बदला. जुन्या नौकांवर घरगुती नळकामातल्या झडपा बसवलेल्या हमखास सापडतात. गोल चाकाची झडप दिसली तर फार तपासत बसू नका, ती काढायच्या यादीत टाका. उघडी आहे की बंद, हे तिच्याकडे बघून कळतच नाही. नव्या घेताना कांस्याच्या, जस्त न सोडणाऱ्या खास पितळाच्या किंवा समुद्री वापरासाठीच बनवलेल्या प्रबलित प्लास्टिकच्या घ्या. फिटिंगचे आटे सरळ आणि झडपेचे निमुळते असं जोडकाम दिसलं तर सावध व्हा, ती दोन्ही जेमतेम दोन-तीन वेढे एकमेकांना धरून असतात.

नळीला जिथे जागा असेल तिथे दोन क्लिपा लावा, त्यांचे स्क्रू विरुद्ध बाजूंना ठेवा. क्लिपेचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू मात्र साध्या पोलादाचा, हा नेहमीचा प्रकार आहे. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला तर क्लिप बदला. क्लिपेचा खालचा भाग बोटाने चाचपा, गंज तिथे आधी धरतो. सगळं ठीक झालं की महिन्यातून एकदा प्रत्येक झडप उघड-बंद करा. न फिरवलेली झडप अडकते.

शाफ्ट आणि बिल्ज पंप

प्रॉपेलरचा शाफ्ट अंगातून बाहेर जातो तिथे जुन्या नौकांवर बहुधा वंगण लावलेल्या चौकोनी दोरीचं पॅकिंग असतं. शाफ्ट फिरत असताना त्यातून मिनिटाला दोन-चार थेंब पडायला हवेत, त्या पाण्यानेच ते थंड राहतं. नवखे लोक ‘गळतंय’ म्हणून नट आवळतात आणि शाफ्ट तापून खरवडला जातो. इंजिन गिअरमध्ये थोडा वेळ चालवा, मग बंद करून पॅकिंगच्या पेटीला हात लावा: कोमट चालेल, चटका बसता कामा नये. पॅकिंग बदलताना दोरीची कडी शाफ्टवरच मोजून कापा, आणि प्रत्येक कडीचा जोड आधीच्या जोडापासून फिरवून बसवा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही.

बिल्ज पंपाची परीक्षा सोपी आहे. बादलीभर पाणी बिल्जमध्ये ओता आणि फ्लोट स्विच आपण होऊन पंप सुरू करतो का ते बघा. बाहेर पाण्याची धार किती जोरात पडते तेही बघा. मग हातपंपही चालवा, त्याचा रबरी पडदा वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे फाटलेला असू शकतो.

डेकमधली गळती

नव्या मालकांना सगळ्यात जास्त फसवणारा भाग हा आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

बहुतेक जुन्या नौकांचं डेक तीन थरांचं असतं: वर-खाली फायबरग्लासची पातळ कातडी आणि मध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम. हलकं आणि ताठ डेक मिळवायची ही चांगली पद्धत आहे, पण प्रत्येक खुंटी, प्रत्येक कठड्याचा पाय, प्रत्येक विंच (शिडाचे दोर ओढणारा फिरता ड्रम) बोल्टने या थरांतून आरपार बसवलेली असते. बोल्टभोवतीचं सीलंट काही वर्षांनी सुटतं, पाणी मधल्या थरात जातं आणि लाकूड कुजू लागतं. वरून काहीच दिसत नाही.

स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने किंवा छोट्या हातोडीने डेकवर हलके ठोके देत चला. धड भागावर आवाज स्वच्छ, टणक येतो. कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी बद्द येतो. बद्द आवाजाची हद्द खडूने आखा. पायाखाली डेक दबत असेल किंवा खडूची हद्द मोठी असेल तर वरची कातडी कापून मधला थर बदलावा लागतो. ते पहिल्या वर्षी अनुभवी माणसाला बरोबर घेऊनच करा. पण बद्द आवाज एखाद्या फिटिंगपुरताच असेल तर ते फिटिंग काढून नीट बसवणं तुमच्या हातचं काम आहे.

१. दोघं जण लागतात. वरचा बोल्ट धरतो, खालचा नट सोडतो. फिटिंग चिकटून बसलं असेल तर उचकटू नका. हीट गनने सीलंट थोडं मऊ करून पातळ पात्याने किंवा बारीक तारेने कापत जा.

२. जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा. सिलिकॉन असेल तर दुप्पट कष्ट घ्या, कारण सिलिकॉनचा अंश उरला की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही.

३. भोकात बघा. मधलं लाकूड काळं आणि ओलं असेल तर ते बाहेर यायलाच हवं. एक खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये लावा आणि दोन कातड्यांच्या मध्ये फिरवा, भोकाभोवतीचा सेंटिमीटरभर कुजका भुगा निघतो. मग वाळू द्या. यात घाई केली तर पुढची सगळी मेहनत ओल्या लाकडावर होते.

४. खालून भोकाला टेप लावा. आधी पातळ इपॉक्सी आत सोडा, लाकडाला ती पिऊ द्या, मग कोलॉइडल सिलिका (इपॉक्सी दाट करणारी बारीक पूड) घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भोक भरा. इपॉक्सी आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं तेवढंच. हार्डनर जास्त घातला म्हणून ती लवकर वाळत नाही, कायमची मऊ राहते. कपात जास्त माल कालवून ठेवला तर तो तापून धुरावतो, थोडाथोडाच कालवा. हातमोजे विसरू नका, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की सहसा जात नाही.

५. इपॉक्सी पक्की झाल्यावर तिच्या मधोमध नवं भोक पाडा आणि वरच्या तोंडाला हलकी उतरती कड द्या. तिथे सीलंटचं कडं तयार होतं.

६. आता सीलंट. डेकवरच्या बोल्टने बसवायच्या फिटिंगसाठी मला ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) आवडते. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि पुढे फिटिंग काढायची वेळ आली तर काढू देते. बोल्टच्या डोक्याखाली तिचा छोटा शंकू वळा. आवळताना बोल्ट अजिबात फिरवू नका, फक्त खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की भोवतीचं सील पिळवटतं. एका दमात पूर्ण आवळू नका, पुढचे दोन-तीन दिवस थोडंथोडं आवळत जा, टेप बाजूने बाहेर येईल ती कापून टाका. खाली रुंद धातूची पट्टी किंवा मोठे वायसर हवेतच.

पाण्याखालच्या फिटिंगला ब्यूटाइल चालत नाही, तिथे समुद्री पॉलियुरेथेन लागतं. पण तेच पॉलियुरेथेन डेकवर सगळीकडे फासू नका, कायमचं चिकटवणाऱ्या प्रकारामुळे पुढे फिटिंग काढताना वरची कातडी सोलून निघते. आणि ॲक्रिलिकच्या खिडक्यांना पॉलिसल्फाइड लावू नका, ते काही प्लास्टिकना खातं.

डोलकाठी आणि तिच्या तारा

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा स्टेनलेसच्या असतात आणि स्टेनलेसला गंज चढतच नाही असा समज आहे. स्टेनलेसवर ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा असतो, आणि तो टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. ओल आहे पण हवा नाही अशा फटीत तो पापुद्रा टिकत नाही आणि धातू आतून पोखरतो. तारा जिला अडकवतात ती अंगाला बोल्टने जोडलेली चेनप्लेट डेकमधून जाते ना, ती जागा नेमकी अशीच असते. वर-खाली चकचकीत, मधल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये पोखरलेली. त्यामुळे निदान एक चेनप्लेट पूर्ण बाहेर काढून बघा, जिच्या आसपास तपकिरी डाग आहे ती निवडा. खड्डे किंवा भेग दिसली तर सगळ्याच काढा.

तारेच्या टोकाचं दाबून बसवलेलं टर्मिनल भिंगाने तपासा, लांबीच्या दिशेने केसासारखी भेग दिसली की तार बाद. तारेवरून कापसाचा बोळा फिरवा, तुटलेला धागा असेल तिथे कापूस अडकतो. बोट फिरवू नका, धागा खोल कापतो. एक धागा तुटला तरी तार बदलायची, आणि तिच्या जोडीची समोरचीही, कारण दोघींचं वय आणि कष्ट सारखेच असतात. तारांचं वय माहीत नसेल तर त्या जुन्या आहेत असंच धरा. अनेक रिगर (डोलकाठी आणि तारांचे कारागीर) आणि विमा कंपन्या १० ते १५ वर्षांनी तारा बदलायला सांगतात.

ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टेनलेसचे स्क्रू असले की त्यांच्याभोवती पांढरी पूड जमते, दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आल्याचा हा परिणाम. नवा स्क्रू लावताना मध्ये विद्युतरोधक पेस्ट लावा. वर चढायचं असेल तर स्वतंत्र दोन दोर वापरा, एक ओढायला आणि एक जिवासाठी. दोन्ही दोर चढणाऱ्याच्या बसायच्या खुर्चीला गाठीनेच बांधा, झटकन उघडणाऱ्या शॅकलवर (धातूच्या कडीवर) विसंबू नका.

विंच उघडा, घाबरू नका

नवख्यांनी पहिलं यंत्र उघडावं ते विंच. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्यातून हाताला धीर येतो. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याच्या तळाला विंचच्या मापाचं भोक पाडून ते विंचभोवती बसवा, उडालेली स्प्रिंग पाण्यात न जाता खोक्यात पडते. वरची कडी किंवा स्क्रू काढून ड्रम सावकाश सरळ वर उचला. रोलर बेअरिंग ड्रमला चिकटून वर येतात आणि मग निसटतात, म्हणून एक हात खाली ठेवा. निघणारा प्रत्येक भाग कापडावर डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडा, दर पायरीला फोटो घ्या.

दातांवरचं जुनं ग्रीस मेणासारखं झालेलं असेल. रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण कोरडं करा. दातांना आणि बेअरिंगना विंचचं ग्रीस अगदी पातळ लावा. पॉल नावाच्या ज्या छोट्या जिभा दातांत ‘टिक टिक’ करत अडकतात, त्यांना मात्र ग्रीस लावायचं नाही, हलक्या तेलाचा एकच थेंब. ग्रीसने जीभ जागेवर चिकटून राहिली तर भरल्या शिडाच्या ताणाखाली ड्रम उलटा फिरतो, आणि हँडल लावलेलं असेल तर ते मनगट मोडू शकतं. प्रत्येक जीभ बोटाने दाबा, स्प्रिंगने ती चटकन बाहेर आली पाहिजे. जिथे आळस जाणवेल तिथे स्प्रिंग बदला. जोडून झाल्यावर ड्रम हाताने फिरवून ऐका: सगळ्या जिभांचा आवाज एकसारखा, खणखणीत यायला हवा.

डिझेल इंजिन

जुनं सागरी डिझेल इंजिन स्वच्छ इंधन, स्वच्छ तेल आणि थंड पाणी एवढंच मागतं. तेल आणि तेलाचा फिल्टर साधारण दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदला. नौका दीर्घकाळ उभी ठेवणार असाल तर उभी करण्याआधी बदला, जुन्या तेलातलं आम्ल बेअरिंगवर बसू देऊ नका.

समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) दरवर्षी बदलणं उत्तम. पाण्याची झडप बंद करून पंपाचं झाकण काढा, इंपेलर बाहेर घ्या आणि त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत काम संपलेलं नाही. तो पुढे हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो आणि पाणी अडवतो. नव्या इंपेलरला ग्लिसरीन लावा, ते फिरायच्या दिशेने फिरवत, पाती मागे वाकवून बसवा. झडप उघडायला विसरू नका, कोरडं इंपेलर मिनिटाभरात खराब होतं. इंजिन सुरू केलं की मागे एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना, हे पाहायची सवय लावा. पाणी पुरेसं असूनही इंजिन तापत असेल किंवा धूर काळा येत असेल तर एक्झॉस्टचा कोपर उघडून बघा, जुन्या इंजिनांत तो कार्बनने जवळजवळ बुजलेला निघतो.

इंधनाच्या पहिल्या फिल्टरखाली पारदर्शक वाटी असते. तळाशी पाणी किंवा काळसर चोथा दिसला तर काढून टाका. टाकीतला गाळ शांत पाण्यात तळाशी बसून असतो आणि लाटांनी टाकी घुसळली की फिल्टर चोंदतात, म्हणजे इंजिन नेमकं नको तेव्हा बंद पडतं. फिल्टर बदलल्यावर नळ्यांतली हवा काढावी लागते. ते धक्क्याला बांधलेलं असताना, वेळ असताना, स्वतःच्या हाताने करून शिका.

वीज आणि गॅस

जुन्या नौकेत प्रत्येक मालकाने आपापली वायर ओढलेली असते. आधी मेलेल्या वायरी काढून टाका, मग उरलेल्यांना दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावा. नवीन वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बहुधागी तांब्याची घ्या, एकसंध तारेची घरगुती वायर नौकेच्या थरथरीने तुटते. जोड क्रिम्प करा (खास चिमट्याने दाबून बसवा) आणि आत चिकट थर असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या प्रत्येक वायरला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. १२ व्होल्टची बॅटरी झटका देत नाही म्हणून लोक निष्काळजी राहतात, पण शॉर्ट झालेली जाड वायर काही क्षणांत लाल होते.

शिसे-आम्ल बॅटरी काही तास निवांत ठेवून मोजा. १२.७ व्होल्टच्या आसपास पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. अर्ध्याच्या खाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये उतरून तिथेच साचून राहतो. रबरी नळीवरची तारीख बघा, मुदत संपली असेल तर आजच बदला, आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. इथे मी कुठलीही सवलत देत नाही.

नौका वर काढल्यावर

शिडांचं कापड टिकतं, पण शिवणीचा दोरा उन्हाने आधी मरतो. अंगठ्याच्या नखाने शिवण खरवडा, दोरा तुटला तर पुन्हा शिवून घ्या. ते काम नौका वर असताना शिडं उतरवून देता येतं.

बाहेरून बघताना शाफ्टवरचे जस्ताचे ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्मे झिजले असतील तर बदला. त्यांना रंग लावू नका, रंग लावलेला ॲनोड काम करत नाही. खाऱ्या पाण्यात जस्त चालतं, गोड्यात मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. प्रॉपेलर धरून वर-खाली हलवा, बेअरिंगमध्ये खेळ किती आहे ते कळेल. सुकाणूही तसंच हलवून बघा. कीलच्या (नौकेच्या तळाखालच्या जड पंखाच्या) जोडावर पुढच्या बाजूने भेग उघडलेली असेल आणि तिच्यातून पाणी पाझरत असेल तर कीलचे बोल्ट जाणकाराकडून तपासून घ्या. बाहेरच्या थरावर लहान फोड दिसले तर मात्र घाबरू नका, ते बहुतेक वेळा वरवरचे असतात. खालचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यातलं तांबं आणि विष धुळीबरोबर श्वासात जातं. ओला घासा, मास्क लावा.

पुन्हा पाण्यात उतरवताना क्रेनवाल्याला आधीच सांगून ठेवा: नौका तरंगली तरी पट्टे काढायचे नाहीत. तुम्ही आत जा, हात लावलेली प्रत्येक झडप, प्रत्येक क्लिप आणि शाफ्टचं सील टॉर्चने बघा, बोटाने चाचपा. शाफ्टला रबरी बेलोजचं (भात्यासारख्या घड्यांच्या नळीचं) सील असेल तर ते दाबून आतली हवा बाहेर काढा, नाहीतर ते कोरडं फिरेल. इंजिन सुरू करून एक्झॉस्टचं पाणी बघा. मगच पट्टे सोडायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या पुन्हा उचला, नव्या नळ्यांच्या क्लिपा रात्रभरात सैलावतात आणि अर्धा वेढा आणखी आवळाव्या लागतात.